जगातलं सरबत: साठ पाहुण्यांची ऑर्डर घेण्याआधी



या आठवड्याच्या व्हिडिओत पन्हं, कोकम आणि बिनदारूची सँग्रिया असे तीन मोठे जग भरून दाखवलेत. हात कसा चालवायचा ते व्हिडिओत दिसतं, पण मापं आणि हिशोब तिथे घाईत निसटतात. म्हणून ते इथे नीट लिहितेय. वही-पेन घेऊन बसा, आकडे बरेच आहेत.

मागणीबद्दल फार सांगायला नको. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर बसते ती अक्षय्य तृतीयेपर्यंत, म्हणजे महिनाभर घरोघरी हळदीकुंकू. आंब्याची डाळ आणि पन्हं तर हवंच. मग मुंजी, डोहाळजेवणं, साखरपुडे, मुलांना सुट्टी म्हणून सोसायटीतली गेट-टुगेदर. पूर्वी घरातल्या चार बायका मिळून पन्हं उरकायच्या. आता घरात दोघंही नोकरीला, त्यामुळे "ताई, साठ जणींचं पन्हं होईल का?" असा फोन येतो. भांडवल थोडं लागतं: कुकर, फ्रिज, दोन-तीन जार. म्हणूनच दर उन्हाळ्यात बरेच जण यात उतरतात. आणि मे संपताना त्यातले बरेच जण म्हणतात, "पळापळ खूप झाली, हातात काही राहिलं नाही."

माझ्या बॅचमध्ये अशी माणसं आली की मी आधी त्यांचं सरबत चाखते. चव बहुतेक वेळा चांगलीच असते. घोटाळा दुसरीकडे असतो. लाडू दिला की तो लाडूच राहतो. चिवडा संध्याकाळपर्यंत चिवडाच असतो. सरबत मात्र तुमच्या हातातून गेल्यावरही बदलत राहतं. बर्फ वितळतो, सोड्याचा गॅस जातो, लिंबू कडू होतं, पुदिना काळा पडतो. तुम्ही घरी चाखलेलं सरबत आणि साठावी पाहुणी पिते ते सरबत या दोन वेगळ्या वस्तू असतात, आणि गिऱ्हाईक नाव ठेवतं ते दुसऱ्या वस्तूला. म्हणून या धंद्यात रेसिपीइतकंच महत्त्वाचं काय, तर काय आदल्या दिवशी करायचं, काय सकाळी करायचं आणि काय थेट टेबलावर करायचं हे ठरवणं. पुढचं सगळं त्याच अंगाने वाचा.

बर्फाचं गणित

सगळ्यात आधी बर्फ, कारण सगळ्यात जास्त नुकसान तोच करतो.

समजा पन्हं खोलीच्या तापमानाला आहे, म्हणजे एप्रिलमध्ये 30 अंश धरा. ते 5 अंशांपर्यंत थंड करायचं तर दर लिटरमागे साधारण 300 ग्रॅम बर्फ वितळावा लागतो. हा अंदाज नाही, शाळेतल्या विज्ञानाचा हिशोब आहे: 1 ग्रॅम बर्फ वितळताना 80 कॅलरी उष्णता घेतो. 10 लिटर पन्ह्यात 3 किलो बर्फ वितळला म्हणजे 3 लिटर साधं पाणी त्यात गेलं. मग "पन्हं पांचट होतं" असं कुणी म्हणालं तर त्याचं काय चुकलं?

तेच पन्हं रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून 8 अंशांवर बाहेर काढलं, तर 5 अंशांपर्यंत आणायला लिटरमागे 35 ग्रॅमच्या आसपास बर्फ पुरतो. कुठे 300 आणि कुठे 35! म्हणून माझा नियम साधा आहे: सरबत फ्रिजमध्ये गार करायचं, बर्फाने फक्त गार राखायचं. आणि तो बर्फही शक्यतो जारच्या बाहेर. पसरट टब किंवा परात घ्या, त्यात बर्फ भरा, मधोमध जार ठेवा. दिसायलाही छान दिसतं.

घरचा फ्रिज 10-12 लिटर जार मावेल एवढा नसतो, हे मला माहीत आहे. मग जार ठेवूच नका. बेस वेगळा ठेवा, पाणी वेगळं गार करा, बाटल्या आडव्या-उभ्या कुठेही मावतात. दोन्ही गार झाल्यावर जागेवर जाऊन मिसळा. नेताना सांडण्याची भीती नाही, हा वरचा फायदा.

गिऱ्हाईकाला जारमध्ये बर्फ दिसलाच पाहिजे असेल तर दोन उपाय आहेत. एक, पाणी थोडं कमी घाला. 4 भागांऐवजी साडेतीन, उरलेलं बर्फ घालेल. दोन, त्याच पन्ह्याचा बर्फ ट्रेमध्ये जमवा. तो वितळला तरी पन्हंच होतं. मला दुसरा उपाय जास्त आवडतो, पण त्यासाठी दोन दिवस आधीपासून फ्रीझर मोकळा ठेवावा लागतो.

बर्फ कुठून घेता हेही बघा. कारखान्यातला लादीचा बर्फ मासळी आणि माल गार ठेवायला असतो, पोटात घ्यायला नाही. खाण्याचा नसलेल्या बर्फात निळसर रंग घालायचा नियम महाराष्ट्रात 2018 मध्ये आला तो यासाठीच. रसवंतीवाल्याकडे गोणपाटात गुंडाळलेली लादी दिसते म्हणून तुम्ही ती आणू नका. पिण्याच्या पाण्याच्या खड्यांची सीलबंद पिशवी घ्या आणि तिचं बिल जपून ठेवा. साठ बायकांतल्या चार जणींचं पोट बिघडलं तर आंब्याच्या डाळीकडे कुणी बोट दाखवणार नाही, आधी विचारतील सरबत कुणाचं होतं. एका सोसायटीत असं एकदा झालं की त्या सोसायटीचा व्हॉट्सअॅप ग्रुप तुमचा धंदा तीन वर्षं बंद ठेवतो.

पन्हं: माप असं धरा

1 किलो कैरी घ्या. कुकरला 2-3 शिट्ट्या करा आणि पूर्ण गार होऊ द्या. साल-कोय जाऊन 600 ग्रॅमच्या आसपास गर निघतो. जातीप्रमाणे कमी-जास्त होईल, म्हणून गर काढल्यावर वजन कराच. त्याच्या दीडपट गूळ, म्हणजे 900 ग्रॅम. वेलची, चिमूटभर मीठ, केशर. मिक्सरमधून काढा आणि गाळा. गाळायचा कंटाळा करू नका. गुळात काडी-कचरा निघतो आणि कैरीचे दोरे जारच्या नळात अडकतात. हा झाला बेस, साधारण दीड किलो, म्हणजे मापाने सव्वा लिटरच्या आत. 1 भाग बेसला 4 भाग पाणी धरलं की 6 लिटर पन्हं होतं.

"पण ताई, कैरी कधी जास्त आंबट असते, गूळ कधी कमी गोड असतो." बरोबर. म्हणून ज्यांना हा धंदा खरंच करायचाय त्यांनी ब्रिक्स मोजायचं छोटं दुर्बिणीसारखं यंत्र घ्यावं. हजार-दोन हजारात मिळतं. त्यावर एक थेंब टाकायचा, उजेडाकडे धरायचं, आकडा वाचायचा. 100 ग्रॅम सरबतात विरघळलेली साखर साधारण किती ग्रॅम, ते तो आकडा सांगतो. वरच्या मापाचं पन्हं 13 च्या आसपास येतं. तिथेच थांबा. आता मघाचं बर्फाचं गणित परत आठवा: 10 लिटरमध्ये 3 लिटर पाणी मिसळलं की हेच 13 घसरून 10 वर येतं. पांचट म्हणतात ते हेच.

चाखताना एक सवय लावून घ्या. सरबत गार करूनच चाखा. गारव्यात गोडी जिभेला कमी लागते. कोमट पन्हं चाखून तुम्ही गूळ कमी केलात, तर गार झाल्यावर ते आंबटढोण लागणार.

बेस दोन दिवस आधी करून फ्रिजमध्ये काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात ठेवता येतो. पाणी घातलेलं पन्हं मात्र त्याच दिवशीचं. आणि हो, तांब्याची घागर! फोटोला फार देखणी दिसते, हल्ली डेकोरेशनवाले आवर्जून मागतात. आंबट पदार्थ तांब्या-पितळेत ठेवायचा नाही, हे आपल्या आज्यांना माहीत होतं. कल्हई तपासलेली नसेल तर आत स्टीलचं भांडं बसवा, बाहेर घागर राहू द्या. अॅल्युमिनियमच्या पातेल्यातही बेस ठेवू नका.

ग्लासचा खरा खर्च

आता तो फोन परत घेऊ: साठ जणी, हळदीकुंकू. हळदीकुंकवाला बायका दहा मिनिटं येतात, 150 मिलीचा एक ग्लास पितात आणि निघतात. 60 × 150 म्हणजे 9 लिटर. वर थोडं जास्त धरून साडेदहा लिटर करू. (दोन-तीन तासांची वाढदिवसाची पार्टी असेल तर माणशी तीन ग्लास धरा, तिथे हा हिशोब चालणार नाही.) त्यासाठी पावणेदोन किलो कैरी लागेल. भाव मी उदाहरणाला धरलेत, तुमच्या मंडईतले घाला.

कैरी 60 रुपये किलोने 105, गूळ त्याच भावाने 95, वेलची-केशर 60. झाले 260 रुपये. इथे बहुतेक जण थांबतात. साठ ग्लासांना भागतात, सव्वाचार रुपये येतात, आणि खुशीत गिऱ्हाईकाला सांगतात, "दहा रुपये ग्लास!" दुप्पटीपेक्षा जास्त सुटतात असं वाटतं.

थांबू नका, पुढे लिहा. गॅस 25. पाण्याचा जार 40. खाण्याचा बर्फ 5 किलो, 150. कागदी ग्लास 70, दीड रुपयाने 105. रिक्षाने नेणं-आणणं 150. जार, चमचे, टेबलक्लॉथ यांची झीज म्हणून 50. आणि तुमचे साडेतीन तास: बाजार, शिजवणं, गाळणं, पोचवणं, भांडी. तासाला 100 रुपये धरले तर 350.

एकूण बेरीज 1130. ग्लासमागे जवळजवळ 19 रुपये.

दहा रुपयांनी विकलंत तर 600 मिळाले. स्वतःची मजुरी सोडून दिलीत तरी 780 खर्च झालेत, म्हणजे 180 रुपये खिशातून गेले आणि साडेतीन तास फुकट. "हातात काही राहिलं नाही" म्हणतात त्याचं उत्तर बहुतेक वेळा या बेरजेतच असतं. बीबीएला कॉस्टिंगच्या पेपरात आम्ही कारखान्यांचे आकडे करायचो. पन्ह्याचा ग्लास त्याहून अवघड नाही, फक्त कुणी कागदावर मांडत नाही. कैरी-गुळाचा खर्च एकूण खर्चाच्या पावभागाच्या आत आहे, हे एकदा डोळ्यांनी बघा. म्हणून कैरीत दहा रुपये वाचवायला मंडईभर फिरण्यापेक्षा एकाच दिवशी, एकाच भागातल्या दोन ऑर्डरी घेणं जास्त फायद्याचं. रिक्षा, गॅस, तुमचा वेळ, सगळं वाटलं जातं.

मी 30 रुपये ग्लास सांगायला शिकवते. 1800 येतात, मजुरी धरून खर्च जाता 670 उरतात. "महाग आहे" म्हणणारे भेटतील. त्यांना भाव कमी करून देऊ नका, माल कमी करून द्या: ग्लास तुमचे, नेणं तुमचं, मी फक्त बेस देते. बेसला ना बर्फ लागतो ना रिक्षा. काही गिऱ्हाईकं कायमची बेसवरच येतात, आणि खरं सांगायचं तर मला तीच आवडतात.

कोकम आणि कलिंगड

कोकमाला फार हात लागत नाही. अमृत कोकम (साखरेतलं) 1 भाग, पाणी 5 भाग, वर भाजलेल्या जिऱ्याची पूड. ब्रिक्स पन्ह्याच्या जवळपासच येतो. आगळ वापरत असाल तर त्यात मीठ असतंच, वेगळं मीठ सगळ्यात शेवटी, चाखून. कोकमाचा रंग पाण्यावर अवलंबून असतो. बोअरच्या जड पाण्यात तो मळकट जांभळा होतो, थोडं लिंबू पिळलं की पुन्हा लाल येतो. जागेवर जाऊन तिथलं पाणी वापरणार असाल तर आदल्या दिवशी एक बाटली मागवून रंग बघून घ्या. मधुमेह असलेली मंडळी हल्ली प्रत्येक कार्यक्रमात असतात. त्यांच्यासाठी बिनसाखरेचं आगळ-जिरं-पाणी असा एक छोटा जग वेगळा ठेवला की यजमान खूश होतात आणि त्याचे पैसेही मिळतात.

कलिंगड मोहात पाडतं, कारण स्वस्त आणि रंग सुंदर. पण नवशिक्यांनी पहिल्या वर्षी ते मेनूत घेऊ नये असं माझं मत आहे. कैरी, कोकम, लिंबू आंबट असतात, जंतूंना तिथे वाढायला जड जातं. कलिंगडात आंबटपणा जवळजवळ नसतोच. कापलेलं कलिंगड किंवा त्याचा रस उन्हाळ्यात बाहेर राहिला की पटकन बिघडतो. घ्यायचंच असेल तर 5 अंशांखाली ठेवा, लिंबू घाला, टेबलावर छोटे जग मांडा आणि तासा-तासाने बदला. शिवाय थोड्या वेळात चोथा वेगळा आणि पाणी वेगळं दिसायला लागतं, म्हणजे डावाने ढवळायला माणूस उभा हवा.

दारूचा प्रश्न

वाढदिवस, हाउसवॉर्मिंग, ऑफिसची पार्टी असली की विचारतातच: "सँग्रिया कराल का?" सँग्रिया म्हणजे वाइनमध्ये फळं, फळांचा रस, थोडी साखर. मूळ स्पेन-पोर्तुगालकडची. युरोपियन युनियनमध्ये 2014 च्या नियमाने नुसतं "सँग्रिया" या नावाने विकायचा हक्कही त्या दोनच देशांच्या मालाला आहे. आपल्याकडे नाशिकची वाइन सहज मिळते, त्यामुळे पार्ट्यांमध्ये ती रुळलीय.

इथे सरळ सांगते. वाइन घातलेला जग तुम्ही पैसे घेऊन दिलात की ती मद्यविक्री झाली. तिला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. अन्नाची नोंदणी तिथे कामाची नाही. "घरगुतीच आहे, कोण बघतं" या भरवशावर धंदा उभा करायचा नसतो. तुम्ही द्यायचा तो बेस: फळं, रस, साखर, दालचिनी. बाटली यजमान परवाना असलेल्या दुकानातून आपल्या नावाने घेतील, आणि ओततीलही तेच. हॉलमध्ये मद्य द्यायचं असेल तर त्याचा परवाना काढणं त्यांचं काम. महाराष्ट्रात वाइन-बिअरला 21 आणि कडक मद्याला 25 वर्षं वयाची अट आहे, त्यामुळे ऑफिस पार्टीत "वर थोडी ब्रँडी टाकू" म्हणणाऱ्यांना हा फरकही सांगून ठेवा. गोव्याचे कायदे वेगळे, तिथली सवयही वेगळी. मार्च ते मे काजूच्या बोंडांची हुर्राक निघते, लिंबू, मीठ, चिरलेली मिरची आणि लिंबाचा सोडा घालून पितात. ती इकडे आणून मेनूत घालायचा विचार मात्र करू नका.

बेसचं माप: 750 मिलीच्या एका बाटलीमागे 250 मिली संत्र्याचा रस, 60 मिली साखरेचा पाक, एक सफरचंद, एक संत्रं. यजमानांनी वाइन ओतून चार तास फ्रिजमध्ये ठेवायचं आणि वाढताना 300 मिली गार सोडा. साडेबारा टक्क्यांची वाइन असेल तर तयार जग 7 टक्क्यांच्या जवळपास येतो, म्हणजे स्ट्राँग बिअरच्या आसपास. गोड लागते म्हणून लोक सरबतासारखी पितात, तेव्हा हा आकडा यजमानांना चिठ्ठीवर लिहून द्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तळाशी राहिलेली फळं. त्यांनी मद्य शोषलेलं असतं आणि मुलं नेमकी तीच चमच्याने काढून खातात. मद्याचा जग वेगळ्या टेबलावर, वेगळ्या रंगाची रिबन बांधून, मोठ्या अक्षरात पाटी लावून. या बाबतीत गिऱ्हाईकाशी वाद झाला तरी चालेल.

बिनदारूची सँग्रिया मात्र पूर्णपणे तुमचा माल आहे, आणि तिच्यात मार्जिनही चांगलं आहे. इथे लोक नुसता द्राक्षाचा रस देतात, तो गोडमिट्ट लागतो. वाइनमध्ये जो तुरटपणा असतो तो आणायला कोरा चहा घाला. गंमत नाही, खरंच सांगतेय. 500 मिली काळ्या द्राक्षांचा रस (द्राक्षं सालासकट दहा मिनिटं उकळून गाळलेला, म्हणजे रंग उतरतो), 250 मिली गार कोरा चहा, 200 मिली संत्र्याचा रस, दोन लिंबं, दालचिनीचा तुकडा. रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी दालचिनी काढा, नाहीतर तीच लागते. टेबलावर 300 मिली सोडा. मे महिन्यात द्राक्षं संपली की डाळिंबाचा रस चालतो.

सोडा नेहमी गार, नेहमी शेवटी, आणि जगाच्या कडेने हळू. गरम बाटली उघडलीत की निम्मा गॅस तिथेच जातो. लिंबाच्या चकत्याही शेवटी. तास-दोन तास बुडून राहिल्या की सालीखालचा पांढरा भाग कडू उतरतो. पुदिना चुरडू नका, तळहातावर एकदा आपटा आणि ग्लासात टाका.

जार, नळ आणि कागद

नळाच्या जारमध्ये सब्जा, पुदिना, फळांचे तुकडे घालायचे नाहीत. नळ तुंबतो, यजमानीण चमचा घालून खोदत बसते आणि मागे रांग लागते. सब्जा पंधरा-वीस मिनिटं वेगळा भिजवून वाटीत ठेवा, ग्लासात चमचाभर. फळं हवी असतील तर नळाचा जार नको, रुंद तोंडाचा जग आणि डाव.

धुताना नळ स्क्रू काढून सुटा करा. आतल्या रबराखाली चिकट थर बसतो, आणि दुसऱ्या दिवशी तोच थर नव्या सरबतात उतरतो. गरम पाणी, ब्रश, मग पूर्ण वाळवणं. परत आलेला जार त्याच रात्री धुवायचा; सकाळवर ढकललात की गुळाला वास धरतो.

एफएसएसएआयची नोंदणी ऑनलाइन होते, फॉस्कॉस पोर्टलवर. छोट्या उलाढालीला साधी नोंदणी पुरते, परवान्याची गरज नाही. मर्यादा आणि फी तिथेच बघून घ्या. मिळालेला 14 आकडी नंबर बिलावर छापायचा, 2022 पासून ते बंधनकारक आहे. तोच बेस सीलबंद बाटलीत भरून दुकानात ठेवायचा म्हणाल, तर लेबल, टिकाऊपणाची चाचणी हे सगळं नव्याने येतं. ते पुढच्या हंगामात बघू.

ऑर्डर घेताना "एक जार कितीला?" या प्रश्नाला कधी उत्तर देऊ नका. जार पाचचाही असतो, बाराचाही. ग्लासावर बोला आणि सगळं लिहून पाठवा. आमच्या बॅचमध्ये देते तो मेसेज असा, हवा तर उचला:

"नमस्कार काकू. शुक्रवार, संध्याकाळी 5. कैरीचं पन्हं, 150 मिलीचे 60 ग्लास, 30 रुपये ग्लास, एकूण 1800. यात कागदी ग्लास, खाण्याचा बर्फ, जार आणि पोचवणं धरलंय. ग्लास वाढले तर त्याच भावाने, पण बुधवारपर्यंत सांगा. निम्मे पैसे आज, उरलेले पोचल्यावर. जारचं डिपॉझिट 500, जार परत आल्यावर लगेच परत. पन्हं 8 वाजेपर्यंत संपवावं, उरलं तर फ्रिजमध्ये ठेवावं. बिनगुळाचं कोकम कुणाला हवं असल्यास कळवा."